वसुलीचं लंडन

परवा मावसभावाचा फोन आला. येत्या जूनमध्ये तो मावशीला आणि काकांना लंडन दाखवायला घेऊन जातोय. चांगले आठ दिवस. व्हिसा झाला, विमानाची तिकिटं झाली, हॉटेल झालं. घोडं अडलंय ते एकाच गोष्टीवर. तो शहर बघायचा पास असतो ना, तो घ्यायचा की नाही? मी काही वर्षं तिकडे काढली असल्यामुळे आमच्या घरातले लंडनविषयीचे सगळे प्रश्न माझ्याकडे येतात. अर्थात हा प्रश्न नव्हताच. साहेबांनी एक्सेल शीट आधीच तयार करून पाठवली होती आणि मी फक्त "छान" म्हणायचं होतं.

"ताई, तीन दिवसांचा पास घेतला तर दुसऱ्या दिवशी दुपारीच पैसे वसूल! पुढचं सगळं निव्वळ फायद्यात."

मी म्हटलं, लिहून कळवते. मला फोनवर भांडता येत नाही. आणि या विषयावर मला भांडायचंच आहे. तेव्हा मंडळी, आजचं हे लिखाण म्हणजे एका भावाला दिलेलं जाहीर उत्तर आहे. बाकीच्यांनी वाचायला हरकत नाही, तुमच्याही घरात एखादी एक्सेल शीट असेलच. :-)

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मोठ्या शहरांत बघण्यासारख्या ठिकाणांची तिकिटं वेगवेगळी काढण्याऐवजी एकदाच पैसे भरायचे आणि यादीतल्या ठिकाणी फिरायचं. काही पास दिवसांवर असतात: दोन दिवस, तीन दिवस, वाटेल तितकं बघा. काही ठिकाणांच्या संख्येवर असतात: कुठलीही तीन निवडा, कुठलीही पाच निवडा. यादीत प्रत्येक ठिकाणासमोर मूळ तिकिटाची किंमत लिहिलेली असते. टॉवर ऑफ लंडन साधारण ३५ पौंड, वेस्टमिन्स्टर ॲबी ३० च्या घरात, मग सेंट पॉलचं चर्च, नदीतली बोट, उघड्या टपाची बस... या सगळ्याची बेरीज करायची, त्यातून पासाची किंमत वजा करायची आणि खूष व्हायचं.

भावाचं गणित बरोबर आहे. हे मी आधीच कबूल करून टाकते, म्हणजे तो उगाच सेल क्रमांक दाखवत बसायला नको. दिवसाला तीन-चार मोठी ठिकाणं केली तर पास स्वस्त पडतो, यात वाद नाही. माझा वाद गणिताशी नाहीच. गणित कशाचं मांडलंय, याच्याशी आहे.

पहिली गोष्ट. शीटमधली ती उघड्या टपाची बस. पास नसता तर आपल्यापैकी कोणी इतके पौंड देऊन तिच्यात बसलं असतं का? नसतंच. ट्रॅफल्गर स्क्वेअरहून सेंट पॉलवरून टॉवरपर्यंत १५ नंबरची साधी लाल डबल डेकर जाते. वरच्या मजल्यावर सगळ्यात पुढची सीट पकडली की झालं काम. तासाभरात बस बदलली तरी भाडं एकदाच पडतं. म्हणजे जी गोष्ट आपण विकत घेणारच नव्हतो, तिची पूर्ण किंमत "बचत" म्हणून जमेला धरली आहे. दुकानात न घेतलेल्या पैठणीवर मी बारा हजार वाचवले असं म्हणण्यापैकी आहे हे. असे पैसे मी रोजच वाचवते.

दुसरी गोष्ट. पास विकणाऱ्याचा फायदा कशात आहे हेही बघावं. तुम्ही एखाद्या ठिकाणी आत गेलात की त्या ठिकाणाला त्याला काहीतरी द्यावं लागतं. तुम्ही गेला नाहीत तर ते पैसे त्याच्याच खिशात. जानेवारीत वर्षाचे पैसे भरून घेणाऱ्या जिमसारखं आहे. सगळे सभासद रोज आले तर जिमवाल्याची पंचाईत होईल. तुम्ही दमाल, पाऊस येईल, काकांना दुपारी पडावंसं वाटेल, यावरच हा धंदा उभा आहे. आणि दिवसांवर चालणारे काही पास तारीख मोजतात, तास मोजत नाहीत. दुपारी तीनला पहिल्यांदा वापरला तर तुमचा एक अख्खा दिवस गेला. ॲबी आणि सेंट पॉल रविवारी पर्यटकांसाठी बंद असतात, तो रविवार पासात आला तर तोही तसाच. हे सगळं शीटमध्ये कुठल्या रकान्यात आहे?

पण या झाल्या किरकोळ तक्रारी. मुख्य मुद्दा तिसराच आहे.

लंडनचं सगळ्यात मोठं वैभव फुकट आहे. ब्रिटिश म्युझियम १७५९ साली उघडलं तेच मुळी फुकट. डिसेंबर २००१ पासून तिथली राष्ट्रीय संग्रहालयं सगळ्यांना विनामूल्य खुली झाली. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, सायन्स म्युझियम, नॅचरल हिस्टरी म्युझियम, नॅशनल गॅलरी, टेट मॉडर्न... खास प्रदर्शनांना तिकीट असतं, पण कायमच्या दालनांत कोणीही चालत जावं. राजवाड्यासमोरचा पहारेबदल फुकट. ॲबीत संध्याकाळची गायनासहित प्रार्थना होते तिलाही तिकीट नाही (प्रार्थना म्हणून जायचं आणि गप्प बसायचं, एवढीच अट).

आता गंमत बघा. जे फुकट आहे त्यावर सूट देता येत नाही. सूट देता येत नाही म्हणून ते पासाच्या यादीत नाही. यादीत नाही म्हणून भावाच्या शीटमध्ये नाही. आणि एकदा पास खिशात आला की ब्रिटिश म्युझियममध्ये घालवलेला प्रत्येक तास म्हणजे पासाचं नुकसान! थोडक्यात काय, तर पास घेतल्या क्षणापासून शहरातली फुकट गोष्ट सगळ्यात महाग होऊन बसते. ती परवडतच नाही.

आणि कोणाला नेतोयस रे तू? आपल्या मावशीला. तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलेल्या बाईला. ब्रिटिश म्युझियममध्ये अमरावतीच्या स्तूपाची शिल्पं आहेत. सातवाहनांच्या काळात बहरलेला तो स्तूप. सातवाहन म्हटलं की मावशी पैठणपासून सुरुवात करेल आणि तुझा अर्धा दिवस जाईल. जाऊ दे की! व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये टिपूचा तो लाकडी वाघ आहे, गोऱ्या सोजिराच्या नरडीवर बसलेला, १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणहून उचलून नेलेला. त्याच म्युझियमची वाघनखं जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांच्या कराराने साताऱ्याला आली तेव्हा मावशी खास एसटी पकडून बघायला गेली होती. (अफझलखानावर चालवली ती हीच, असं खात्रीने सांगता येत नाही, हे ते म्युझियम स्वतःच म्हणतं, हेही तिनेच आम्हाला सांगितलं.) प्रिमरोज हिलपाशी किंग हेन्रीज रोडवर १० नंबरचं घर आहे. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये तिथे राहून शिकत होते. महाराष्ट्र सरकारने ते २०१५ मध्ये विकत घेतलं आणि आता तिथे स्मारक आहे. हायगेटला क्रॉमवेल ॲव्हेन्यूवर जुनं इंडिया हाउस आहे, सावरकर राहिले ते. ते खाजगी घर आहे, रस्त्यावरून भिंतीवरची पाटी वाचायची आणि परत यायचं. यातल्या एकालाही तिकीट नाही. म्हणून यातलं एकही तुझ्या शीटमध्ये नाही.

आता त्या "वसूल" शब्दाबद्दल बोलते.

आपल्या लोकांचा हा लाडका शब्द. अमर्याद थाळी घेतली की पाचवी पुरी भुकेसाठी नसते, ती वसुलीची असते. मग रात्रभर ओवा खाऊन येरझाऱ्या. दोन दिवसांत अष्टविनायक करणाऱ्या बसमधून मी एकदा गेले आहे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्या शेजारच्या आजींना ओझर आणि रांजणगाव यांतलं कुठलं आधी झालं ते आठवत नव्हतं. पण आठही "झाले" होते. वसूल हा सावकाराचा शब्द आहे. देणं असतं तिथे वसुली असते. शहराने आपलं काही देणं आहे का, की त्याच्या मागे लागून पै न् पै काढून घ्यावी? आपण तिथे पाहुणे म्हणून जातो.

हे शहाणपण मला पुस्तकात मिळालेलं नाही. मी स्वतः करून बसले आहे, म्हणून एवढ्या तावातावाने लिहितेय.

२०१३ चा सप्टेंबर. मी तेव्हा लंडनपासून रेल्वेने तासाभराच्या अंतरावर राहत होते. आई-बाबा पहिल्यांदा आले होते. बाबा रेल्वेतले. भुसावळच्या लोको शेडमध्ये त्यांची नोकरी सुरू झाली ती वाफेच्या इंजिनांवर. विमानतळावरून घरी येताना गाडीत त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "ते रॉकेट इथेच आहे ना?" रॉकेट म्हणजे स्टीफन्सनचं १८२९ चं इंजिन. ते तेव्हा लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये होतं. (आता उत्तर इंग्लंडात हलवलंय.) मी म्हटलं, "आहे ना बाबा, जाऊ या."

आणि मी तिघांचे तीन दिवसांचे पास घेतले. कोणाचे ते सांगत नाही. पासात काहीच खोट नव्हती, खोट माझ्या डोक्यात होती. मी वहीत तासातासाचं वेळापत्रक केलं होतं. पहिल्या दिवशी टॉवर. तिथे कोहिनूर ठेवलेल्या दालनात मुकुटांच्या शेजारून सरकते पट्टे आहेत. आपण नुसतं उभं राहायचं, पट्टा आपल्याला पुढे नेतो. कोहिनूर आला आणि गेला. बाहेर आल्यावर आई म्हणाली, "अगं, त्यातला नेमका कुठला गं? मला नीट कळलंच नाही. परत एकदा जाऊ या का?"

परत जाता येतं तिथे. पुन्हा पट्ट्यावर उभं राहिलं तर कोणी हटकत नाही. पण मी घड्याळ बघितलं. पुढे बोट होती आणि ॲबीत दुपारनंतर प्रवेश बंद होतो. मी आईला म्हटलं, "घरी गेल्यावर गूगलवर मोठा फोटो दाखवते."

हे वाक्य मी आयुष्यात परत घेऊ शकले असते तर घेतलं असतं.

तीन दिवस आम्ही असेच पळत होतो. बाबांचा उजवा गुडघा दुखत होता. बोटीत ते झोपले. सायन्स म्युझियम तर पासात नव्हतंच, ते फुकट. फुकटच आहे, नंतर कधीही बघू, असं म्हणत ते मी शेवटच्या दिवसावर ढकललं. शेवटच्या दिवशी सकाळ बॅगा भरण्यात आणि नातेवाइकांसाठी चॉकलेटं घेण्यात गेली. म्युझियमला पोचलो तेव्हा साडेचार वाजले होते. सहाला बंद. बाबा रॉकेटसमोर उभे राहिले ते उभेच. खाली वाकून चाकं बघितली, मागे जाऊन बघितलं, पुन्हा पुढे आले. मला काही काही समजावून सांगत होते, मला त्यातलं निम्मं कळलं नाही. बंद व्हायची सूचना झाली तेव्हा म्हणाले, "उद्या सकाळी परत येता येईल का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं विमान होतं.

बाबा २०१९ मध्ये गेले. नंतर कपाट आवरताना त्यांच्या डायऱ्या सापडल्या. डायऱ्या कसल्या, रोजचा हिशोब. दूध, रिक्षा, औषधं. लंडनची पानंही होती. पहिल्या तीन दिवसांच्या पानांवर ठिकाणांची नावं आणि प्रत्येकासमोर पौंडाचा आकडा, त्या पासाच्या पुस्तिकेतून उतरवून घेतलेला. तिसऱ्या पानाच्या खाली बेरीज, वजाबाकी आणि एक ओळ: "पोरीचे पैसे फिटले." बाकी एक शब्द नाही. टॉवर कसा होता, ॲबी कशी होती, काही नाही. चौथ्या पानावर हिशोबच नाही. तिथे पेन्सिलने काढलेलं रॉकेट आहे, धुरांडं, सिलिंडर, चाकं, बाण काढून नावं दिलेली. पान पुरलं नाही म्हणून मागच्या पानावर सुद्धा.

मला वाटत होतं, मी त्यांना लंडन दाखवतेय. ते मात्र दुखऱ्या गुडघ्याने माझे पैसे वसूल करून देत होते.

असो.

आता भाऊ काय म्हणणार ते मला माहीत आहे. "ताई, तू तिकडे राहत होतीस, तुला कधीही जाता येत होतं. आम्ही आयुष्यात एकदाच जाणार. सगळं बघायला नको?" अरे बाबा, एकदाच जाणार म्हणूनच तर! दहा वेळा जाणाऱ्याने एकदा पळून घेतलं तर बिघडत नाही. एकदाच जाणाऱ्याला पट्ट्यावरून पुन्हा एकदा जाण्याची सोय हवी. आणि सगळं कोणाचंच बघून होत नाही. तिथे जन्म काढलेल्यांचंही होत नाही.

दुसरा आक्षेप, पास असला की रांग टळते. काही ठिकाणी टळतही असेल. पण बऱ्याच ठिकाणी आता वेळ ठरवून आधी आरक्षण करावंच लागतं, पास असला तरी, आणि सुरक्षा तपासणीची रांग सगळ्यांना सारखीच.

मी सरसकट सगळ्या पासांच्या विरोधात नाही. पॅरिसमध्ये लूव्हर, ओर्से यांना तिकीट आहे. एखादा चित्रवेडा माणूस चार दिवस फक्त संग्रहालयंच बघणार असेल तर तिथला म्युझियम पास हिशोबात बसू शकतो. पण तिथेही डोळे उघडे ठेवावे. आयफेल टॉवर त्यात येत नाही. लूव्हर मंगळवारी बंद, ओर्से सोमवारी बंद. लूव्हरसाठी पास असूनही वेळ आरक्षित करावी लागते. आणि १८ वर्षांखालच्या मुलांना या दोन्ही ठिकाणी तसंही तिकीट नाही, त्यांच्यासाठी पास घेणं म्हणजे पैसे सीन नदीत सोडणं.

तेव्हा माझी पद्धत सांगते. साधी आहे, एक्सेल लागत नाही. पासाची वेबसाइट उघडायच्या आधी एका कागदावर प्रत्येकाला विचारून लिहायचं, तुला काय बघायचंय? मावशीला वेगळं विचार, काकांना वेगळं. (काका "तुम्ही न्याल तिथे" म्हणतील. सोडू नकोस, पुन्हा विचार. बाबाही तसंच म्हणायचे.) फुकट आणि विकत असा भेद करायचा नाही. मग त्याचे दिवस पाडायचे. सत्तरीच्या माणसांबरोबर दिवसाला एक मोठं ठिकाण, फार तर दोन, आणि मध्ये बसायला जागा. हे सगळं झाल्यावर त्यातल्या तिकिटांची बेरीज कर. ती पासापेक्षा जास्त आली तर खुशाल पास घे, मीच पैसे देते. पण कागद आधी आणि पास नंतर. आपण आधी पास घेतो आणि मग त्याला पुरेल एवढं लंडन शोधत बसतो.

माझा अंदाज विचारशील तर मावशीच्या कागदावर तिकिटाचं एकच ठिकाण येईल, टॉवर. त्याचं सुटं तिकीट काढ. सकाळी उघडल्या उघडल्या जा आणि त्या दिवशी दुसरं काहीही ठेवू नकोस.

आणि कोहिनूरच्या पट्ट्यावर मावशी जितक्या वेळा म्हणेल तितक्या वेळा जा.

ता. क. – शुक्रवारी ब्रिटिश म्युझियम आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट रात्रीपर्यंत उघडी असतात, गर्दीही कमी असते. लंडनच्या बसमध्ये रोख पैसे चालत नाहीत, प्रत्येकाकडे स्वतःचं कार्ड असू दे. आंबेडकर स्मारकाच्या वेळा जाण्याआधी बघून घे. आणि मावशी, तू हे वाचत असशील (असशीलच), तर काकांच्या गुडघ्याचा पट्टा हातातल्या बॅगेत ठेव. मोठ्या बॅगेत नको.